डीअ‍ॅक्टिव्हेटेड रायफलला ब्लूइंग केलं तरी गंज परत परत का येतो आणि तो कसा थांबवायचा

समस्या बहुतेक वेळा अशी असते. जुनी लष्करी रायफल, डीअ‍ॅक्टिव्हेट केलेली, म्हणजे परत कधी झाडता येणार नाही अशी कायमची निकामी केलेली, कागदपत्रं व्यवस्थित. धातूवरचा काळा रंग (रसायनाने आणलेला थर, यालाच ब्लूइंग किंवा ब्लू म्हणतात) ठिकठिकाणी उडालेला, कडा पांढऱ्या पडलेल्या, बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या भागाचा, दांडा चकचकीत झालेला. मग बाटलीतलं कोल्ड ब्लू, म्हणजे घरी थेट लावायचं ब्लूइंगचं द्रावण, आणायचं, पॉलिश पेपरने घासायचं, लावायचं, तेलाचा हात फिरवायचा, मस्त काळंभोर दिसतं. आणि काही आठवड्यांत त्याच जागी तपकिरी रेघ. परत घासलं, परत लावलं, परत तेल, आणि परत तीच रेघ, मुद्दाम काढल्यासारखी त्याच ठिकाणी.

यावर पहिला सल्ला हमखास मिळतो तो म्हणजे दुसऱ्या कंपनीचं ब्लू वापरून बघा. माझं मत अगदी उलट आहे. ब्लू बदलून यातलं काहीही सुटत नाही, कारण दहापैकी आठ वेळा दोष ब्लूचा नसतोच. धातूच्या आत, फटीत, खड्ड्यात मीठ बसलेलं असतं आणि तेच आतून गंज पुरवत राहतं. आणि मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणजे ज्या जागेला आपण घाबरून पाण्यापासून लांब ठेवतो तिथेच आधी गरम पाणी घालावं लागतं. हे ऐकायला विचित्र वाटतं पण पुढे कारण देतो, नीट वाचा, कारण हे एकदा कळलं की बाकी काम सोपं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं फक्त बाहेरच्या रंगाबद्दल आणि गंजाबद्दल आहे. डीअ‍ॅक्टिव्हेशनची वेल्डिंग, पिना, बॅरलमध्ये बसवलेली सळई, कापलेले भाग, यातल्या कशालाही फाइल किंवा ग्राइंडर लावायचा नाही, वेल्डचा उंचवटा दिसायला वाईट दिसतो म्हणून सपाट करायचा पण नाही. ब्रिटनमध्ये प्रूफ हाउसचा (बंदुका तपासणाऱ्या अधिकृत संस्थेचा) शिक्का आणि प्रमाणपत्र असतं, १९८८ च्या फायरआर्म्स अमेंडमेंट अ‍ॅक्टच्या कलम ८ मध्ये त्याचा आधार आहे, युरोपियन युनियनमध्ये २०१५/२४०३ क्रमांकाचं रेग्युलेशन आहे, आणि दोन्हीकडे त्या खुणा म्हणजे तुमच्या वस्तूची ओळख आहे. खूण पुसट झाली तर कागद आणि वस्तू यांचा मेळ बसत नाही. वेल्डच्या भागावर काम करायचं म्हणजे कापडाने आणि इअरबडने, बस. आणि तुमच्या देशातला नियम वस्तूला हात लावण्याआधी वाचून घ्या, नंतर नाही.

आता मीठ येतं कुठून. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. गोळी उडाली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठाचं सख्खं भावंड, आणि ते बॅरलच्या आत, चेंबरजवळ (काडतूस बसतं ती जागा), बोल्टच्या तोंडाशी, गॅसवर चालणारी रायफल असेल तर गॅस ब्लॉकमध्ये बसतं. ब्रिटिश .३०३, सोव्हिएत रायफलींची काडतुसं, अमेरिकन .३०-०६ मधली १९५० च्या आसपासपर्यंतची, सगळीकडे हा प्रकार होता. सैनिकांना हे माहीत होतं. ली-एनफिल्ड वापरणाऱ्या ब्रिटिश सैन्यात बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतायला खास फनेल दिलेलं असायचं, तेल लावायच्या आधी पाणी, हाच क्रम. त्यांना रसायनशास्त्र शिकवत बसलं नसेल कोणी पण क्रम बरोबर होता.

पोटॅशियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, साधं मीठ तर ७५ च्या आसपासच. म्हणजे पावसाळी दमट हवेत वस्तूवर एक थेंब पडला नाही तरी फटीत मिठाचं पाणी तयार असतं. त्यात हाताचा घाम धरा, तोही खारटच. आणि एकदा क्लोराइड गंजाच्या खड्ड्यात शिरलं की ते संपत नाही. लोखंडाचं क्लोराइड होतं, हवा आणि ओल लागली की त्याचा गंज होतो आणि आम्ल सुटतं, ते आम्ल पुन्हा लोखंड खातं, पुन्हा क्लोराइड. खोदकामात सापडलेल्या लोखंडी वस्तू कपाटात बंद ठेवूनसुद्धा घामेजल्यासारख्या थेंब थेंब पाझरतात ते याच कारणाने, आणि संग्रहालयवाले त्यासाठी वस्तू महिनोन्महिने अल्कली पाण्यात ठेवतात. आपल्याला तितकं करायची गरज नाही पण तत्त्व तेच आहे.

डीअ‍ॅक्टिव्हेटेड वस्तूत हे जास्त का होतं? साध्या रायफलीत बोल्ट काढता येतो, बॅरलमधून कापड आरपार जातं, भाग सुटे करून धुता येतात. इथे बॅरलमध्ये सळई वेल्ड केलेली, बोल्टचं तोंड कापलेलं किंवा पूर्ण बोल्टच जागेवर जाम केलेला, पिना ठोकून वेल्डने बंद केलेल्या. प्रत्येक ठिकाणी एक फट अशी उरते जिथे कापड पोचत नाही, तेल पोचतं पण मिठावर फक्त पांघरूण घालतं. शिवाय वेल्डिंग करताना आजूबाजूचं मूळ फिनिश जळून गेलेलं असतं, वरून स्प्रेचा काळा रंग मारून झाकलेलं, आणि त्या रंगाखाली गंज आरामात पसरत असतो. बाहेरून बघितलं तर रंग जरासा फुगलेला दिसतो, बास.

तर सगळ्यात आधी गंज कुठे आणि कसा येतोय ते बघा, कारण जागा बघून कारण कळतं.

सगळ्या पृष्ठभागावर एकसारखी पातळ तपकिरी झाक आली असेल, बोटाने पुसली तर निघतेय, आणि ब्लू केल्यावर एकदोन दिवसांतच आली असेल, तर तो ब्लूच्याच रसायनाचा उरलेला भाग आहे. कोल्ड ब्लूमध्ये आम्ल असतं, सेलेनियमचं संयुग आणि बहुतेक वेळा तांब्याचं क्षार असतं. ते नीट धुतलं नाही, खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारलं नाही तर ते काम करतच राहतं. हे सगळ्यात सोपं प्रकरण आहे, धुवा, सोडा लावा, परत धुवा, वाळवा, तेल लावा. हीच झाक येण्याचं दुसरं कारण म्हणजे स्टील वूलचे तुकडे. अगदी बारीक ०००० नंबरचं वूल असलं तरी त्याचे केस तुटून पृष्ठभागात अडकतात आणि ते गंजतात, आपल्याला वाटतं बॅरल गंजली.

ठिपके ठिपके येत असतील, नेहमी त्याच जागी, भिंगातून बघितलं तर प्रत्येक ठिपक्याखाली खड्डा, तर खड्ड्यात क्लोराइड आहे. वरून कितीही घासा, खड्ड्याच्या तळाशी तुमचा पेपर पोचतच नाही. आणि पोचेपर्यंत घासलं तर नंबर, प्रूफ मार्क, कारखान्याचे शिक्के सगळं जाईल, त्यामुळे तो विचार सोडून द्या.

रेघ येत असेल, म्हणजे वेल्डच्या कडेने, साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) बुडाशी, बॅरल बँडच्या (बॅरल लाकडाला बांधणाऱ्या पट्टीच्या) कडेला, पिनेच्या गोल भोवती, तर फटीत अडकलेला माल (मीठ, गंज) आहे. हे सगळ्यात चिवट प्रकरण आणि ही पोस्ट मुख्यतः याच्यासाठी आहे.

लाकडाच्या काठाने, बॅरलच्या खालच्या अंगाला गंज असेल तर लाकूड ओल धरतंय. लाकूड स्वतः थोडं आम्ल सोडतं, जुनं जवसाचं तेल आणि मळ साचलेला असतो तो वेगळा. धातू धुऊन काही उपयोग नाही जोवर लाकडाची आतली खाच साफ आणि कोरडी होत नाही. आणि बोटांच्या ठशाच्या आकाराचा गंज असेल तर त्याचं काय ते सांगायला नकोच, हातमोजे घाला.

ओळखायची एक साधी युक्ती. सगळं तेल अ‍ॅसिटोनने काढा, त्या जागेवर पांढरा टिश्यू डिस्टिल्ड पाण्याने जरासा ओला करून चिकटवा आणि रात्रभर प्लॅस्टिकने झाकून ठेवा. सकाळी टिश्यूवर तपकिरी डाग कुठे उमटलाय ते नकाशासारखं दिसतं. डाग फटीच्या अगदी ओठावर गडद आणि बाहेर फिका असेल तर माल आतून येतोय यात शंका नको. जिथे मूळ फिनिश चांगलं शाबूत आहे तिथे हा प्रयोग करू नका, फक्त संशयित जागेवर.

आता काम. लाकूड आधी उतरवा. जे भाग वेल्ड न करता सुटे आहेत ते सुटे करा, जे नाहीत त्यांच्यावर जबरदस्ती नको. तेल, ग्रीस, जुना कॉस्मोलिन (साठवणीसाठी लावलेलं घट्ट ग्रीस) पूर्ण काढा, आधी केरोसीन किंवा मिनरल स्पिरिट, शेवटी अ‍ॅसिटोन, खिडक्या उघड्या, आजूबाजूला ज्योत नाही. तेल पूर्ण निघालं नाही तर पाणी फटीत शिरणारच नाही आणि पुढचं सगळं वाया.

मग गरम डिस्टिल्ड पाणी. नळाचं नको, त्यात स्वतःचं क्लोरीन आणि क्षार असतात, आपण मीठ काढायला बसलोय, घालायला नाही. छोटे भाग स्टीलच्या भांड्यात सरळ उकळा, दहा ते वीस मिनिटं. बॅरल आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो मधला भाग) एकत्र असेल तर लांब पत्र्याचं ट्रफ लागतं, नाहीतर किटलीने ओतत राहायचं, वेल्डच्या फटीवर, पिनांवर, तोंडाकडून बॅरलमध्ये जितकं जातंय तितकं, आणि रायफल तिरकी करून निथळू द्यायचं. उकळण्यासाठी वापरलेलं भांडं परत स्वयंपाकाला घ्यायचं नाही. पहिल्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घातला तर चांगलं, अल्कली पाण्यात क्लोराइड लवकर सुटतं आणि धुताना नवीन गंज पण येत नाही. फक्त अ‍ॅल्युमिनियमचा भाग असेल तर सोडा नको, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं.

या उकळण्याचा दुसरा फायदा मला तर पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. लाल गंज उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. जुन्या पद्धतीचं रस्ट ब्लूइंग चालतं ते याच तत्त्वावर, मुद्दाम बारीक गंज आणायचा, उकळायचा, मऊ वूलने किंवा ब्रशने वरची काजळी काढायची, परत गंज, परत उकळ. म्हणजे तुमच्या बॅरलवर आत्ता जो पातळ लाल थर आहे तो घासून काढण्याऐवजी उकळला तर त्यातला बराचसा काळा होऊन जागेवरच राहतो, वरून मखमली काजळी येते ती हलक्या हाताने काढायची, आणि खाली मूळ ब्लू बऱ्याचदा तुम्हाला वाटलं त्यापेक्षा कितीतरी जास्त शिल्लक असतं. कित्येक रायफली एवढ्यावरच इतक्या चांगल्या दिसायला लागतात की नवीन ब्लूची गरजच पडत नाही. व्हिनेगर किंवा बाजारातले गंज काढणारे द्रव वापरले तर ते गंजाबरोबर मूळ ब्लूही खातात, कारण ब्लू हाही लोखंडाचा ऑक्साइडच आहे. म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा सल्ला जो सगळीकडे मिळतो तो मला पटत नाही, निदान मूळ फिनिश वाचवायचं असेल तर अजिबात नाही, आणि फटी असलेल्या वस्तूत तर आणखी एक आम्ल आत भरून ठेवल्यासारखं आहे.

मीठ निघालं की नाही हे कसं कळणार? इथे टीडीएस मीटर कामाला येतो, पाणी तपासायचा तो पेनसारखा. सोड्याचं पाणी फेकून द्या, साध्या डिस्टिल्ड पाण्याने एकदा खळखळून घ्या, मग ताजं डिस्टिल्ड पाणी घेऊन त्याचं रीडिंग लिहून ठेवा, त्यात भाग गरम करा, थंड झाल्यावर परत रीडिंग. वाढ जास्त आली तर अजून काहीतरी सुटतंय. पाणी बदला, परत करा. रीडिंगमधली वाढ प्रत्येक वेळी कमी होत जाते आणि एका टप्प्यावर जवळजवळ स्थिर होते, तिथे थांबायचं. मीटर फक्त मीठ दाखवत नाही, पाण्यात विरघळलेलं विद्युतभारित सगळंच दाखवतो, पण आपल्याला आकडा नकोय, उतरता कल हवाय, तेवढ्यासाठी तो पुरतो. दर वेळी पाणी तितकंच घ्या म्हणजे तुलना खरी होते.

वाळवणं. इथे लोक घाई करतात. उकळत्या पाण्यातून काढलेलं स्टील बाहेरून अर्ध्या मिनिटात आपोआप कोरडं होतं आणि वाटतं झालं, पण फटीत पाणी असतंच. गरम असतानाच हेअर ड्रायर किंवा कमी तापमानाची हीट गन फटीवर धरा, हळूहळू, धातू हाताला धरवणार नाही इतका गरम पण रंग बदलेल इतका नाही. रायफल वेगवेगळ्या बाजूंनी कलती करत राहा, सळई वेल्ड केलेल्या बॅरलमध्ये पाणी एका कोपऱ्यात साचून राहतं आणि फक्त एका कोनातच बाहेर येतं. कोणी आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून पाणी हाकलतात, तेही चालतं, पण मग ते पूर्ण उडेपर्यंत उष्णता लावायची नाही, पेट घेईल. अल्कोहोल आणि हीट गन एकाच टेबलावर असू नये.

आता ब्लू करायचं का, आणि कोणतं. आधी तुमच्या रायफलवर मुळात काय होतं ते बघा. सगळ्याच लष्करी रायफली निळसर चमकणाऱ्या नसतात. अमेरिकन एम१ गॅरंड रायफलवर फॉस्फेट, म्हणजे पार्करायझिंग, करडं आणि खरखरीत. युद्धाच्या शेवटच्या काळात, १९४४ पासून पुढे, जर्मन मौजर ९८के वर काही कारखान्यांनी फॉस्फेट वापरलं. महायुद्धानंतरच्या ब्रिटिश रायफलींवर, ली-एनफिल्ड नंबर ४ असो की त्यानंतरची एसएलआर रायफल, फॉस्फेटवर सनकोराइट नावाचा भाजून पक्का केलेला काळा रंग सापडतो. इशापूर कारखान्याच्या ७.६२ मिमीच्या २ए१ रायफलवर पण काळा रंगच असतो. अशा वस्तूंवर कोल्ड ब्लू लावून काही होत नाही, फॉस्फेट आणि रंगावर ते पकडतच नाही, मग लोक वैतागून खालपर्यंत घासतात आणि मूळ फिनिश कायमचं जातं. ओळखायचं असेल तर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला इअरबड लपलेल्या जागी घासा, साधा स्प्रे रंग असेल तर बडवर काळं येतं. भाजलेला रंग अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, पण त्याची कड भिंगातून बघितली तर जाडी दिसते, ब्लूला जाडी दिसत नाही. ब्लूचा थर मायक्रॉनच्या आसपासचा असतो, फॉस्फेट त्याच्या कितीतरी पट जाड, म्हणून फॉस्फेट तेल धरून ठेवतं आणि ब्लू नाही. कुठलंही ब्लू स्वतः गंज थांबवत नाही. ते तेल किंवा मेण धरायला पृष्ठभाग देतं, तेवढंच.

डीअ‍ॅक्टिव्हेटेड, वेल्ड केलेल्या असेंब्लीला हॉट ब्लूइंग करून घेऊ नका, बाहेर देऊनही नाही. त्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण साधारण १३५ ते १५० अंशांवर उकळत असतं. ते प्रत्येक फटीत शिरतं आणि धुतलं तरी आठवडेच्या आठवडे सांध्यांतून पांढरे क्षार बाहेर येत राहतात, सुटे होणारे भाग असतील तर ते धुता येतात, इथे येत नाहीत. साइट शिशाच्या सोल्डरने बसवलेली असेल तर तो सोल्डर खातं, अ‍ॅल्युमिनियम तर विरघळवूनच टाकतं. घरी करायचा तर विचारच नको, त्या तापमानाला कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर संपलं. रस्ट ब्लू सुंदर दिसतं, पण त्याच्या द्रावणाचं कामच गंज आणणं आहे आणि ते फटीत गेलं की तिथेही तेच करतं. करायचंच असेल तर द्रावण जवळजवळ सुक्या कापडाने लावा, फटीच्या दोन तीन मिलिमीटर अलीकडे थांबा, आणि शेवटच्या उकळीनंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात परत एकदा उकळा.

बहुतेकांसाठी कोल्ड ब्लूच योग्य, आणि तेही पूर्ण बॅरलवर नाही, फक्त उघड्या पडलेल्या जागांवर. मोठ्या सपाट भागावर ते ढगाळ आणि डागाळ येतं कारण ते खरा ऑक्साइड नसून बाहेरून बसलेला पातळ थर आहे, घासला की जातो. नायट्राइल हातमोजे घाला आणि हवेशीर जागी काम करा, सेलेनियमची संयुगं विषारी आहेत, त्वचेतूनही जातात, जेवणाच्या टेबलावर हे काम अजिबात नको. धातू हाताला छान गरम लागेल इतका, चाळीस पन्नास अंशांपर्यंत तापवा, अ‍ॅसिटोनने शेवटचा हात फिरवा, इअरबडने किंवा छोट्या कापडाने थोडंसं लावा, सतत फिरवत राहा, एका जागी थेंब साचू देऊ नका. एक हात झाला की धुवा, ०००० वूलने हलकं पुसा, परत लावा. हे वूल आधी अ‍ॅसिटोनमध्ये पिळून घ्या, कारण ते गंजू नये म्हणून कारखान्यातूनच तेल लावून येतं, आणि डाग पडण्याचं हे एक मोठं कारण आहे जे कोणी सांगत नाही. काम झाल्यावर खायच्या सोड्याचं पाणी, मग डिस्टिल्ड पाणी, मग वाळवणं, वर सांगितलं तसंच, तितक्याच शांतपणे.

रंग जुळत नाही अशी तक्रार येतेच. कडक केलेल्या पृष्ठभागांवर, काही मिश्रधातूंवर ब्लू जांभळट किंवा लालसर येतं, बोल्ट आणि रिसीव्हरचा रंग मुळातच वेगळा असतो, ते चुकलंय असं समजू नका. वेल्डचं मात्र वेगळं आहे. वेल्डिंगच्या तारेत मँगनीज आणि सिलिकॉन वेगळ्या प्रमाणात असतं त्यामुळे तिथली छटा बाजूच्या स्टीलशी जुळत नाही, आणि स्टेनलेसची तार वापरली असेल तर ब्लू अजिबात पकडत नाही, कितीही वेळा लावा. तिथे पातळ मॅट काळा रंग बारीक ब्रशने लावणं हाच मार्ग, खूण आणि शिक्का सोडून. शिक्क्यावर रंग गेला तर तो वाचता यायला हवा, नाहीतर लावूच नका.

शेवटी संरक्षण. पाणी हाकलणारा स्प्रे आधी फटीत सोडा, डब्ल्यूडी-४० चालेल, त्याच्या नावातलं डब्ल्यूडी हे पाणी हटवण्यासाठीच आहे, पण तो कायमचा थर नाही हे लक्षात ठेवा, तो उडून जातो. रायफल रात्रभर तोंड खाली करून ठेवा, खाली कागद, काय गळतंय ते दिसेल. गळालेलं तपकिरी असेल तर वाळवणीच्या टप्प्यावर परत जा, तेल लावून झाकू नका. स्वच्छ गळत असेल तर फटींमध्ये जाडसर तेल आणि उघड्या पृष्ठभागावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण. रेनेसाँ वॅक्स हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं. शोभेच्या वस्तूला मेण तेलापेक्षा कधीही चांगलं, त्यावर धूळ बसत नाही आणि बोटाचे ठसे आत जात नाहीत. धातू किंचित कोमट करून लावा म्हणजे पातळ बसतं.

ठेवायची जागा पण बघा. फोमच्या पेटीत, कापडी किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नका, फोम आणि कापड ओल धरतात आणि चामड्यातले कमावणीचे क्षार धातूला लागतात. बाहेरच्या थंड भिंतीला टेकून लावली तर मागच्या बाजूला दव धरतं, मध्ये थोडं अंतर ठेवा. छोटा हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) जवळ ठेवा, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर लोखंडाला गंजायला फार काही उरत नाही. काचेच्या कपाटात सिलिका जेल ठेवलं तर ते वेळच्या वेळी तापवून कोरडं करा, भिजलेलं जेल असून नसल्यासारखं.

एवढं करूनही एखाद्या वेल्डच्या फटीतून रेघ परत आली तर पूर्ण रायफल पहिल्यापासून करायची गरज नसते. फक्त ती जागा घ्या. मेण अ‍ॅसिटोनने काढा, कापसाची वात डिस्टिल्ड पाण्यात भिजवून फटीवर घट्ट बसवा, वरून प्लॅस्टिक गुंडाळा, काही तास ठेवा, वात बदला, परत ठेवा. वात सुकताना फटीतलं क्षाराचं पाणी स्वतःकडे ओढून घेते, म्हणून शेवटच्या वेळी प्लॅस्टिक काढून वात जागेवरच सुकू द्या. तपकिरी डाग फिका होत होत वात पांढरी निघायला लागली की वाळवा, तेल, मेण. ब्लूला तोपर्यंत हात लावू नका, बाटली बंदच राहू दे.